मोजणी चालू आहे

रेडमंड,
५ ऑक्टोबर २००३

ती. शैलाताईस,
देवदत्तचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. वैदेहीला तिकडे टेक्सासात, प्लेनोत नोकरी लागली तेव्हा एकटी नको राहायला, म्हणून तुझ्या फ्रिस्कोच्या घरी ठेवली. तिने ऑफिसातला डॅनियल शोधला. लग्न करीन तर याच्याशीच, असं परवा म्हणाली. वर हेही म्हणाली, की बाबा नको म्हणाले तर करणारच नाही. तर मी नको म्हणतो आहे.

ज्यू लोकांशी माझं काही वाकडं नाही. माझा मॅनेजरच ज्यू आहे. पण मी पडलो इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. दर संक्रांतीला पुढच्या पिढीच्या मराठीवर तासभर बोलतो. आता कोणत्या तोंडाने बोलू? इथे परीक्षितसारखा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला मुलगा समोर बसला आहे. तेव्हा दिवाळीच्या आत पोरीला सामानासकट इकडे पाठव. तिच्या आईला, रेखाला, तिकीट काढायला सांगितलंय. ती म्हणते, वेबसाइट चालत नाही.

हुकूम सोडत असलो तरी तुझा धाकटाच,
देवदत्त


फ्रिस्को,
१६ ऑक्टोबर २००३

चि. देवदत्तास अनेक आशीर्वाद.

हुकूम मिळाला. शंभर टक्के मान्य. अंमलबजावणी सुरू आहे. तू सामानासकट म्हणालास, म्हणून आधी सामानाची मोजणी काढली. कपाटातल्या साड्यांपैकी वैदेहीच्या कोणत्या आणि माझ्या कोणत्या यावर वाद आहे. तो मिटेपर्यंत तिला हलवणं नियमात बसत नाही. शिवाय तिला एअरपोर्टवर सोडणारी माझी गाडी गॅरेजात, आणि गॅरेजवाला मेक्सिकोत.

दरम्यान डॅनियलची आजी चहाला येऊन गेली. फ्लोरा नाव, मूळची सारायेव्होची. दुसऱ्या महायुद्धात हे कुटुंब जीव घेऊन पळालं ते इटालियन सैन्याच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर. जर्मनांनी निरोप धाडला, हे ज्यू आमच्या हवाली करा. रोमहून आमची हरकत नाही म्हणून उत्तर गेलं. पण किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांनी काय करावं? एकानेही नाही म्हटलं नाही! देतो की, म्हणाले. आधी मोजणी होऊ दे. कोण कुठला, कोणाची इटलीत जमीन, कोणाचा मामा इटालियन. मोजणी संपत आली की पुन्हा पहिल्यापासून. मग ट्रकला पेट्रोल नाही. मग शिक्का मारणारा रजेवर.

ऐकताना मला वाटलं, हे लष्कर कसलं, ही तर आपल्याकडची कुठलीही सरकारी कचेरी. जन्मभर आपण त्या ‘उद्या या’ला शिव्या घातल्या. त्याने माणसं वाचवता येतात हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही रे.

चकल्या वेगळ्या पाठवते. त्यांची मोजणी झालेली आहे. रेखाला आशीर्वाद, तुला जरा कमी.

तुझी,
शैलाताई


रेडमंड,
९ नोव्हेंबर २००३

ती. ताईस सा. न. वि. वि.

दिवाळी झाली. वैदेही आली नाही, चकल्या तेवढ्या आल्या. चांगल्या होत्या, पण तो मुद्दा नाही.

लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली. तुझे इटालियन काही संत नव्हते. त्यांच्याच सरकारने ज्यू मुलांना शाळांतून काढलं होतं. त्याच सैन्याने पलीकडे स्लोव्हेनियात गावं जाळली, माणसं कुंपणात कोंडून उपाशी मारली. हे विचार त्या आजींना.

आणि वाचता वाचता माझी ट्यूब पेटली. सामानाची मोजणी! मेक्सिकोतला गॅरेजवाला! ताई, सख्ख्या भावाला तू जर्मन केलंस?

इकडे परीक्षितचे वडील रोज विचारतात. त्यांना नाताळनंतर बघू म्हणून थांबवून ठेवलंय. रेखाची वेबसाइट अजून बंदच. ज्या गावात अर्ध्या जगाचं सॉफ्टवेअर बनतं, तिथे!

रागात असलेला,
देवदत्त


फ्रिस्को,
१६ नोव्हेंबर २००३

चि. देवदत्तास अ. आ.

पकडलंस. पण मला एक सांग, परीक्षित एवढा पसंत आहे तर त्याच्या वडिलांना नाताळनंतरचा वायदा कशाला? तूही त्याच सैन्यात भरती झाला आहेस. युनिफॉर्म तेवढा घातलेला नाहीस.

तुझं म्हणणं मी फ्लोराआजींच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, तुमचा भाऊ बरोबर वाचतो. त्यांच्यावरचा लेफ्टनंट उठता बसता खेकसायचा. आईचं शिवणयंत्र त्यानेच उचलून नेलं. आणि जर्मनांना मोजणी चालू आहे म्हणून कळवायचा तोही तोच. पुढे सगळ्यांना एका बेटावर कुंपणात ठेवलं. मग एका सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करली आणि शिपायांनी घरचा रस्ता धरला. ज्यांना चालता येत होतं ते होड्यांनी निसटले. आजींच्या वडिलांना निमोनिया. ते खाटेवरच राहिले. मागाहून जर्मन आले.

त्या म्हणाल्या, वडिलांचं नाव कोणी खोडलंच नव्हतं. नुसतं पुढे ढकललं होतं.

मरण आणि लग्न एका तराजूत घालू नये एवढं मला कळतं. म्हणून वैदेहीचा विषय मी काढला नव्हता. पण कप खाली ठेवून त्यांनीच विचारलं, तुम्ही या मुलीचं काय करताय? मी म्हटलं, पुढे ढकलतेय.

देवा, डॅनियल नव्या वर्षी नोकरीसाठी बोस्टनला चाललाय. तुझ्या होकाराशिवाय वैदेही त्याच्याबरोबर जाणार नाही, आणि माझी वाट पाहू नकोस असं तिने त्याला सांगूनही टाकलंय. भांडी घासताना डोळे पुसते आणि साबण गेला म्हणते. माझ्या साड्या मोजून झाल्या. गाडीही गॅरेजातून आली. यापुढे लेफ्टनंटचा उपयोग नाही. काय ते तू बोल. नाही तर नाही, पण नीट बोल.

तुझी,
शैलाताई


रेडमंड,
२८ नोव्हेंबर २००३

ती. ताईस सा. न. वि. वि.

परवा परीक्षितच्या घरी गेलो. वडिलांनी विचारलं, आमच्या मुलात कमी काय? पत्रिका जुळवणं चालू आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, मुलगा उत्तम आहे. माझ्या मुलीला दुसरा आवडतो, आणि मला तो चालतो. चहा मिळाला, साखर नव्हती.

मंडळातही सांगून टाकलं. संक्रांतीला मी मराठीवरच बोलणार. डॅनियलला पहिल्या रांगेत बसवून. त्याला ‘तिळगूळ घ्या’ तेवढं शिकवून ठेव.

काल वैदेहीला फोन केला. हो म्हटलं. ती रडायला लागली. या वेळी साबणाचं नाव तिने घेतलं नाही.

मग तिकिटं काढायला स्वतः बसलो. वेबसाइट झटकन उघडली. मी रेखाकडे पाहिलं. तिने शांतपणे कपाट उघडून वैदेहीच्या लग्नासाठीची पैठणी पुढ्यात ठेवली. तुला पहिलं पत्र टाकलं त्याच आठवड्यात घेतलेली. म्हणजे एवढे दिवस या घराण्यात हुकूम सोडणारा मी एकटा, आणि बाकी सगळं सैन्य इटलीचं.

नाताळात येतो. फ्लोराआजींना नमस्कार सांग.

लोभ असावा, पुढे ढकलू नये.

तुझा,
देवदत्त