सृष्टीची कुंची

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर तुम्ही लेकीला, राखीला न्यायला आला नाहीत. बारशाला बाळाच्या डोक्यावर आजोळची कुंचीही नाही. पणती सृष्टी माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पाळण्यात घातली.

नमस्कार लिहायचा राहिलाच. विहीणबाई विमलाबाईंना नमस्कार.

माझ्या नातवाचं, भिकनचं एक अंड जन्मतः पोटातच राहिलेलं. दुसऱ्या वर्षीच ऑपरेशन करून खाली आणलं. "दुसरं धड आहे, पोरं होतील," असं डॉक्टर म्हणाले. लग्नाआधी हे मीच तुम्हाला सांगितलं. तरी मूल लांबलं तशी तुम्ही भर फुलबाजारात म्हणालात, "जावयातच खोट आहे." आता सृष्टीचं नाक बघा, बापासारखंच बसकं.

तुम्ही लाजून येत नाही, हे कळतं मला. पण राखी दाराकडे बघत बसते. तिनंच शपथ घातली, "आजी, आईला टोचून लिहू नका." म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, जवळच ठेवते. न वाचताही उत्तर मात्र तुम्हीच द्यायचं, व्याह्यांच्या हाती धाडायचं नाही. कुंची घेऊन यायचं.

नवसाबाई
मखमलाबाद, नाशिक, २००४