बिस्किटाच्या डब्यातला विश्वासघात

९ मार्च, शनिवार
आजपासून रोजनिशी. फोनो स्टेज शास्त्रशुद्ध पद्धतीने कसा निवडावा, याची कुठेतरी नोंद हवी. रेकॉर्डवरच्या सुईतून निघणारा आवाज डासाच्या गुणगुणण्याइतका बारीक. तो मोठा आणि नीट करायला मध्ये एक डबी लागते. ती डबी म्हणजे फोनो स्टेज. हे रेमेला जेवताना समजावलं. ती म्हणाली, एवढीशी डबी ना, मग घेऊन टाका आणि भात संपवा. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढंच कळलं.

रेकॉर्ड फिरवणारं टर्नटेबल कोरं आहे. मेहुण्याने, बोयेटने, सॅक्रामेंटोहून खोक्यातून पाठवलं. वर चॉकलेटं, खाली कॉर्न्ड बीफ, मध्ये टॉवेलात गुंडाळलेलं टर्नटेबल. माहितीपुस्तक टाकून दिलं. ती नवशिक्यांसाठी असतात.

संकल्प : तीन डब्या ऐकणार, एक निवडणार. १५ जूनला लेकीचं, क्रिसेलचं, लग्न आहे. त्याआधी घरात खरं संगीत.

१० मार्च, रविवार
जुना मित्र डेल्फिन आला होता. मागच्या रविवारी मीच तांदळाच्या केकची बिबिंका घेऊन त्याच्याकडे गेलो होतो, क्रिसेलच्या लग्नात निनोंग, म्हणजे धर्मपिता, हो म्हणून सांगायला. चर्चमध्ये सही करायची आणि पुढे जन्मभर पोरीच्या पाठीशी उभं राहायचं. तिच्या बाप्तिस्म्यालाही तोच होता. तेव्हापासून आम्ही एकमेकांना कुंपारे म्हणतो. मी विचारलं तेव्हा गडी रडला होता. आज म्हणाला, कुंपारे, डबी विकत घ्यायची नाही हं, मी बनवतो. चाळीस वर्षं राओनच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त केलेत त्याने. हो म्हटलं. गरिबालाही संधी द्यावी.

२४ मार्च, रविवार
विश्वासघात!

दुपारी तीनला नेहमीची मंडळी जमली : अटर्नी, दातांचे डॉक्टर, डेल्फिन. डेल्फिनने फोनो स्टेज बिस्किटांच्या निळ्या डब्यात बसवलेला. सुई-दोरा असेल म्हणून रेमे तो उचलून आत घेऊन चालली होती. शेवटी जोडला. रेकॉर्ड लावली. बाई गात होती की विहिरीत पडली होती, कळेना. नुसती घरघर, धम धम. झुंबर हललं.

डेल्फिन मिनिटभर ऐकून उठला. म्हणाला, कुंपारे, जरा मशीनच्या मागे बघू दे. मी म्हटलं, माझ्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. म्हणाला, हात नाही लावत, नुसतं बघतो. म्हणजे खोट याच्या डब्यात आणि तपासणी माझ्या मशीनची! मग मी सगळ्यांसमोर बोललोच. भंगारातल्या टीव्हीचे भाग घातलेस, मित्राला कचरा दिलास. त्याने अटर्नीकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, मग म्हणाला, हो कुंपारे, डब्यातच काहीतरी चुकलंय माझं.

स्वतःच्या तोंडाने कबुली. साक्षीला वकील. डबा काखेत मारून गेला. पान्सितच्या नूडल्सना हातही लावला नाही.

२९ मार्च, गुड फ्रायडे
आज रेकॉर्ड नाही, रेडिओ नाही. दिवसभर विश्वासघातावर चिंतन. चर्चमध्ये येशूला दगा देणाऱ्या ज्यूदासचा भाग वाचत असताना मान वळवून डेल्फिनकडे रोखून बघितलं. त्याने हात हलवला. निगरगट्ट.

६ एप्रिल, शनिवार
शेवटी माणसात आलो. लाउरो साल्सेडो यांचं ऑडिओचं दुकान : गालिचा, एसी, कॉफी. मला सर म्हणतात. म्हणाले, सर, तुमच्यासारखे कान लाखात एकाला असतात. हे डेल्फिनला चाळीस वर्षांत सुचलं नाही. क्रमांक दोनची डबी घेतली.

संध्याकाळी : घरघर. धम धम. लाउरोंना फोन केला. म्हणाले, सर, नवी आहे, दोनशे तास सलग चालू ठेवा, मग खुलेल.

१५ एप्रिल, सोमवार
दोनशे तास पूर्ण. खुलली नाही. रेमे मात्र माहेरी निघून गेली होती, आज परत आली. डोकं दुखायचं थांबलं म्हणाली.

२० एप्रिल, शनिवार
क्रमांक तीन. काचेचे चार दिवे, केशरी उजेड. लाउरो स्वतः घरी येऊन ठेवून गेले. कसा वाजतो ते ऐकायला थांबले नाहीत. कामाचा माणूस. किंमत इथे लिहीत नाही, रेमे चष्मा लावून वाचू शकते.

आवाज जाड आहे. पण याला घरघर म्हणता येणार नाही. भारदस्तपणा म्हणावं.

संकल्प : हा आवाज आवडून घ्यायचा. रोज एक तास.

२७ एप्रिल, शनिवार
लग्नाच्या पत्रिका छापायला गेल्या. निनोंगांच्या यादीतून डेल्फिनचं नाव काढलं, त्या जागी 'श्री. लाउरो साल्सेडो, उद्योजक'. पत्रिकेला वजन आलं.

क्रिसेल भडकली. म्हणाली, पापा, मला मोटरसायकलवर बसवून शाळेत कोण सोडायचं? ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण बसलं होतं? तुम्ही ऑफिसात होतात. एका डबीसाठी तुम्ही माझा निनोंग काढता? मी म्हटलं, डबीचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्वाला लग्नात बसवा मग. दार आपटलं.

डेल्फिनला मेसेज केला की काही कारणांमुळे यादीत बदल झाला आहे. त्याचं उत्तर : ठीक आहे कुंपारे. पोरीला आशीर्वाद.

भांडला नाही. मनात खोट असली की माणूस भांडत नाही.

१२ मे, रविवार
मंडळींना क्रमांक तीन ऐकवला. डेल्फिनला बोलावलं नव्हतं. अटर्नीने विचारलं, खिडकी लावू का, बाहेर ट्रक उभा आहे वाटतं. ट्रक नव्हता. डॉक्टर खाली बघून लुंपियाचे तळलेले रोल खात राहिले, एकूण अकरा.

जाताना अटर्नी म्हणाला की डेल्फिन सगळीकडे सांगतोय, माझीच डबी फसली, कुंपारेचे कान पक्के आहेत. म्हणजे माझा निवाडा आता गावाने मान्य केला. समाधान.

रात्रीच्या जेवणात कोंबडीचा आदोबो कमी. विचारल्यावर रेमे म्हणाली, अर्धा डेल्फिनकडे पाठवला, दर रविवारी पाठवते, तो एकटा आहे. घरातच फितुरी!

१ जून, शनिवार
बोयेट लग्नासाठी आला. मला कुया म्हणतो, म्हणजे दादा. मी डबीचे दिवे पेटवून, हात धुऊन, त्याला रेकॉर्ड ऐकवली. तो म्हणाला, कुया, हे दिव्यांचं काय आहे, मासे पाळता का? मी फोनो स्टेज समजावला. तो हसायला लागला. म्हणाला, अहो, फोनो स्टेज त्या मशीनच्या पोटातच आहे! म्हणून तर हे निवडलं, तुम्हाला काही करायला लागू नये म्हणून. तुम्ही दोनदोन लावलेत, ओरडेल नाहीतर काय करेल? मागे लिहिलंय की.

मागे लिहिलंय.

त्याने डबी काढली, वायर सरळ अॅम्प्लिफायरला लावली. बाई गायली. दोन ओळींच्या मध्ये तिने श्वास घेतला तोही ऐकू आला. रेमे हात पुसत बाहेर आली. म्हणाली, अगंबाई, हिला शब्द आहेत होय!

डोकं दुखतं आहे. पुढे लिहीत नाही.

२ जून, रविवार
डेल्फिनकडे गेलो. पान्देसालचे पाव नेले. तो एका रेडिओला सोल्डरचा डाग देत बसला होता. मी म्हटलं, जोडणीत थोडा तांत्रिक गैरसमज झाला होता. तो म्हणाला, माहीत आहे, मला त्याच दिवशी पहिल्या मिनिटाला कळलं. मी ओरडलोच, मग बोलला का नाहीस? म्हणाला, मागे बघू दे म्हटलं होतं की. तू नको म्हणालास. मग काय करू? अटर्नी बसलाय, डॉक्टर बसलेत, रेमे दारात उभी, तुझं घर. तिथे तुझं तोंड पाडू? डबी वाईट म्हटल्याने माझं काय बिघडतं, मी रेडिओवाला माणूस.

माफ कर म्हणायला तोंड उघडलं आणि पावसाळा लांबला यावर बोललो. लाज वाटते आहे. हे इथे लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

पत्रिका वाटून झाल्या. छापलेल्या निनोंगाला नको कसं म्हणायचं? डेल्फिन म्हणाला, असू दे, मी डुकराचं लेचोन खायला येतो.

संकल्प : लग्नात माईकवर, सगळ्यांसमोर, सगळं सांगायचं. डबा चांगला होता. चूक माझी होती.

१४ जून, शुक्रवार
भाषण पाठ. आरशासमोर चार वेळा म्हटलं. चौथ्यांदा आवाज कापला नाही. उद्या अटर्नीला पुढच्या टेबलावर बसवायचं, नीट ऐकू गेलं पाहिजे.

१५ जून, शनिवार
लाउरो आले नाहीत. दुकानात सेल आहे. पाकीट पाठवलं. त्यात सुई बदलण्यावर वीस टक्के सूट.

चर्चमध्ये सहीच्या वेळी निनोंगांची एक खुर्ची रिकामी. पाद्री माझ्याकडे बघतात, मी छताकडे. क्रिसेलने मला विचारलं नाही. झगा सावरत वळली आणि मागच्या बाकाकडे बघून हाक मारली, निनोंग, या ना. डेल्फिन आला. सही करायला चष्मा सापडेना, तिने स्वतः त्याच्या खिशातून काढून त्याला लावला.

जेवणाच्या वेळी माझ्या हातात माईक आला. अटर्नी पुढेच होता. मी पाहुण्यांचे आभार मानले. आचाऱ्याचे आभार मानले. हवा चांगली आहे म्हटलं. बसलो.

नंतर डेल्फिनशेजारी जाऊन बसलो. त्याने माझ्या ताटात लेचोनची कुरकुरीत साल वाढली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, बारोंगचा सदरा नवा दिसतोय, छान बसलाय. कधी शिवलास?

म्हणाला, मार्चमध्ये. तू बिबिंका घेऊन आलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी माप दिलं.