जर्नल्स बंद होण्याआधी

२२ डिसें.
कुलसचिवांनी फाइल परत पाठवली. "मॅडम, पुढच्या वर्षी संशोधनाची ऑनलाइन जर्नल्स नाहीत. प्रकाशकाने दर पुन्हा वाढवलाय." चारच घेऊ म्हटलं, तर कंपनी सुटी सुटी विकत नाही. घ्यायचा तर अख्खा गठ्ठा. जर्नल्स पुरवणाऱ्या सरकारी योजनेत आपण बसत नाही, खाजगी विद्यापीठ. ग्रंथपाल म्हणून काय करायचं आता मी?

२९ डिसें.
अश्विनी आली. पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. विषय, फाउंड्रीतली, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातली धूळ आणि कामगारांची फुप्फुसं. वडील भोसरीत भट्टीवर होते, आता दिघीला घरीच. जिना चढवत नाही. तिला सांगितलं, एक तारखेपासून काही उघडणार नाही. "मग मी करू काय, मॅडम?" मीच बोलून गेले, "लागेल ते आत्ताच उतरवून घे."

३१ डिसें.
अ. सकाळपासून कोपऱ्यातल्या संगणकावर. डबासुद्धा उघडला नाही. निघताना म्हणाली, "थोडे लेख मैत्रिणींसाठीपण घेतले." मी दिवे मालवून कुलूप लावलं.

८ जाने.
प्रकाशकाची तक्रार. एका दिवसात आमच्याकडून बेसुमार लेख उतरवले गेले, करारभंग, खुलासा द्या. कुलसचिव तापलेले. "नाव द्या. त्या विद्यार्थ्याचं रजिस्ट्रेशनच रद्द करतो." लॉगइन ग्रंथालयाचं, त्यात कोणाचं नाव दिसत नाही. बघते म्हटलं.

९ जाने.
अ.ला फोन करून तक्रारीचं सांगितलं. मागे वडिलांचा खोकला. "मॅडम, मी स्वतः जाऊन सांगते." थांब म्हटलं.
ह्यांचं म्हणणं, "तुझी नोकरी कंत्राटी. नाव दे आणि मोकळी हो." भांडण. जेवण तसंच राहिलं.

१२ जाने.
तिचा पेपर छापून आला! त्याच कंपनीच्या जर्नलमध्ये. वडिलांना दाखवायचा म्हणून धावत आली. उघडला तर नुसता सारांश, खाली 'पैसे भरा'. वर तिचं नाव, आमच्या विद्यापीठाचं नाव. आधी हसली. मग रडू आवरेना.

१३ जाने.
कुलसचिवांकडे गेले. "विद्यार्थ्यांना उतरवून घ्या म्हणून मीच सांगितलं."
"नाव?"
"माझं लिहा."
"तुमच्या कंत्राटावर सही माझीच असते, माहितीये ना?"
माहितीये. उद्या चौकशी समितीपुढे बोलावलंय.
अ.ला कळवलं. तिचा मेसेज: "मीपण येणार." 'येऊ नकोस' लिहिलं, खोडलं. एकटीने जायची भीती वाटते, आणि ती आली तर... परत लिहिलंय. पाठवलेलं नाही.