आबांनी रंगवलेली आलमारी

५ नोव्हें.
सलीमभाईच्या भंगारातून आलमारी घरी आली. सागवानी. एक दार लोंबतंय, बाकी धडधाकट. यवतमाळच्या मॅडमना त्यांच्या नव्या कॉफीच्या दुकानासाठी अशीच हवी, पण पन्नास वर्षं वापरल्यासारखी दिसणारी. ही पसंत पडली तर दुकानाचं बाकीचं लाकडी सामानही माझ्याकडे. मग साडीच्या दुकानात दिवसभर उभं राहणं सुटेल. सुटो बाई एकदाचं.

६ नोव्हें.
खालचा तपकिरी हात वाळला. कडांवर मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे घासले. वरून डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी कालवून फिकट निळा. मेण आहे तिथला रंग पॉलिश पेपरने सहज निघेल. यासाठीचे खास महागडे रंग मागवायची ऐपत कुणाची आहे! आबा ओसरीवरून बघत होते. वडील गप्प बसले की मला धास्तीच वाटते.

८ नोव्हें.
कडा घासून झाल्या. बिजागऱ्यांजवळ चहाचं पाणी फिरवलं. इतकी छान जुनी दिसतेय की मीच पुन्हा पुन्हा जाऊन बघितली. आणि आबा फुटले.
"चांगल्या लाकडाचे पोपडे काहून काढून राह्यली?"
लोकांना तसंच हवंय, म्हटलं.
"आमच्या लहानपणी घरात जे आलं ते दुसऱ्यायनं टाकलेलं. खुर्ची आली ते मोडल्यावर. तुले शिकवलं ते यासाठी काय?"
आबा, फॅशन आहे ती, एवढंच मी बोलले. आबा रात्री जेवले नाहीत. मलाही राग आला. माझी मेहनत नाही दिसत, पोपडे तेवढे दिसतात.

१० नोव्हें.
कामावरून आले तर आलमारी ओसरीत लखलखतेय. गडद तांबडा ऑइल पेंट. कडा, कोपरे, सगळं बुजवलेलं. आबांच्या बोटांना रंग, बनियनला रंग. छातीच्या दुखण्यापासून साधी बादली उचलत नाहीत, अन् आज स्टुलावर चढून वरची कड रंगवली.
"पाह्य मंजू, कशी चमकून राह्यली! तुह्या मॅडमनं अशी पाह्यली त बाकीचं सामान तुलेच भेटन."
आई गेल्यापासून इतके खूश पाहिले नव्हते त्यांना. छान झालीय, म्हटलं मी. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

११ नोव्हें.
मॅडमना फोन. चार दिवस मागितले. "परवा उद्घाटन आहे गं. जमत नसेल तर स्पष्ट सांग, मी दुसरं कोणी बघते." जमतं, म्हटलं. रंग अजून चिकट आहे. आबांना आजच सांगणार होते, पण ते शेजारच्या काकूंना बोलावून आलमारी दाखवत होते. "पोरीच्या कामाले थोडा हात लावला." मी काकूंसाठी चहा ठेवायला आत गेले.

१२ नोव्हें., सकाळ
टेम्पो संध्याकाळी. रंग सुकला. आबा विहारात गेले की उरकून टाकावं असं मनात आलं होतं. पण त्यांच्या पाठीमागे नाही करवलं. चहा देताना सांगून टाकलं. आबा, हे काढून पुन्हा निळं करावं लागेल.
त्यांनी कप खाली ठेवला.
"माह्यं काम वाईट झालं काय?"
नाही हो. चमकते म्हणून.
"तुह्या मॅडमनं कधी दुसऱ्याचं मोडकं वापरलं नसन. म्हणून तिले आवडते."
खरंच आहे ते. आणि मला हे काम हवंय, हेही खरं.
पॉलिश पेपर घेऊन बसले, तर आबा खुर्ची ओढून समोर. विहारात जा ना, उशीर होईल...
"नाही. घास. माह्यासमोर घास."
एका कोपऱ्याला पेपर लावला. घासायच्या आधीच उचलला. पाणी प्यायचं निमित्त करून आत आले, ही वही काढली. आबा अजून तिथेच बसलेत.