आसारामची नाव विजेवर

१२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी. आसाराम नावाड्याची जुनी लाकडी नाव ताब्यात घेतली. लोक पुलावरून जाऊ लागल्यापासून गोदेच्या काठावर उपडी पडून होती. तिच्यावर शेळ्या बसायच्या. (अजून बसतात.) मी ती बॅटरीवर चालवणार. गेवराईत आपलं इन्व्हर्टरचं दुकान आहे, म्हणजे निम्मं काम झालंच.
वत्सलाचं माहेर बरोबर समोरच्या काठावर. पुलावरून वळसा घालून जायचं म्हणून तीन वर्षं तिची भाऊबीज हुकली. औंदा नावेतून नेणार. तिचे भाऊ भगवानराव, त्यांना फोनवर सांगूनही टाकलं. वत्सला म्हणाली, "आधी घरातला पंखा नीट करा." कर्तबगार माणसाला विरोध घरातूनच सुरू होतो.

१९ सप्टेंबर
पंखा काढला. पाती नावेला लागतील.

२७ सप्टेंबर
रोज पहाटे काठावर जायचं ठरवलंय. आज जेवण करून गेलो. वाटलं होतं, आसाराम मदत करील. तो म्हणाला, "मालक, मोटर ऱ्हाऊ द्या, आदी हॉर्न बसवा. ट्रकचा." त्याला समजावलं की नदीत ओव्हरटेक करायला कुणी नसतं. तो रुसून शेळ्यांपाशी जाऊन बसला.

२९ सप्टेंबर
हॉर्न बसवला.

९ ऑक्टोबर
भेगा सिलिकॉनने बुजवून नाव पाण्यात लोटली. आत पाणी आलं. टेस्टिंग म्हणतात ते हेच. आसाराम रडायला लागला, "लेकीवाणी हाय बे ती!" भावनेच्या भरात मला 'बे' म्हणाला. सोडून दिलं. भेगांत काथ्या कोंबून वर डांबर फासलं. माझा शर्टही डांबरी झाला. वॉटरप्रूफ.

२० ऑक्टोबर
जुन्या ई-रिक्षाची मोटर बसवली. स्विच दाबला, नाव उलटी जाते. दुसऱ्याने वायर बदलत वेळ घालवला असता. मी बसायची फळी फिरवली आणि मागच्या टोकाला पुढचं म्हणायचं ठरवलं. आसारामला पटलं नाही. हॉर्न आता मागे आला, हे त्याचं दुःख.

३१ ऑक्टोबर
वत्सला मला काही बोलत नाही. पण शेजारच्या जानकीबाई म्हणाल्या, "वत्सला सांगत होती, औंदा मी नावेतून माहेरी जानार हाय." नवी साडी, करंज्यांचा डबा, ताट, सगळं तयार दिसतंय. रात्री जरा धडधडलं. अ‍ॅसिडिटी.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
ऐतिहासिक दिवस. वत्सला ताट मांडीवर घेऊन बसली. माझा प्लॅन सोपा होता : आधी स्विच, मग काठावरून धक्का, मग उडी. उडीच्या आधीच नाव गेली. मी चिखलात बसलो. मला पोहता येत नाही, नाहीतर गाठलीच असती. आसाराम काठावरून ओरडत होता, "वहिनी, हॉर्न वाजवा!"
म्हणजे गोदावरीतली चालकाशिवाय चालणारी आपली पहिलीच नाव. मधे मोटर निखळून पाण्यात पडली. नाव फिरायला लागली. मी उठून गुडघाभर पाण्यापर्यंत गेलो, पुढे नाही, खोटं कशाला लिहू. तेवढ्यात वत्सलाने ताट बाजूला ठेवलं, फळीखालचं वल्हं काढलं आणि सरळ पलीकडे गेली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, वल्हवता येतं हे कधी बोलली नाही.
फोन आला. "पोचले. लई मजा आली. तुमी या पुलावरनं." यष्टीने गेलो. जेवणं उरकली होती. भगवानराव म्हणाले, "दाजी, मोटर कुटं हाय?" मी म्हणालो, पहिला टप्पा पूर्ण झाला.

४ नोव्हेंबर
वत्सलाने यष्टीने यायला साफ नकार दिला. भगवानराव काठापर्यंत आले, नाव लोटून दिली आणि घरी गेले. वत्सलाने वल्हवलं. माझ्याकडे डब्याने पाणी उपसायचं खातं. नाव माझ्याच बाजूला कलत होती. मी बोलायला लागलो की ती म्हणे, "हलू नका."
आसाराम काठावर वाट बघत होता. त्याने विचारलं, "वहिनी, कशी हाय नाव?"
ती म्हणाली, "लई गुणाची हाय. फकस्त एक मानूस जास्त झालं."
रोख भगवानरावांवर असावा. पण ते तर नावेत नव्हते.