सरड्याच्या मेंदूतली सरळ रेघ

३ एप्रिल १९७८
पीएच.डी.ला आठ वर्षं झाली. तीस जूनपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. विषय: सरड्याच्या मध्यमेंदूत दृष्टी सांभाळणारे दोन भाग असतात, त्यांना जोडणारे मज्जातंतू. आमची सुहासिनी लोकांना ‘ह्यांचं सरड्याचं काहीतरी चालू असतं’ एवढंच सांगते. नारायण पेठेत विज्ञानाची कदर नाही. उद्यापासून पहाटे चारला उठणार.

४ एप्रिल, सकाळी ९
उठलो.

७ एप्रिल
मेंदूचे पातळ काप घ्यायच्या सुरीने पेन्सिलीला टोक केलं. आकृत्यांना टोक हवंच. लॅब अटेंडंट बजरंग म्हणाला, सर, ही सुरी पेन्सिलीची न्हाय, धारेला खाच पडली की समद्या कापांवर रेघ उठती. जर्मन पोलाद आहे, असं त्याला समजावलं. हडपसरहून सरडे धरून आणणं वेगळं, शास्त्र वेगळं.

२ मे, दुपारी १
सापडलं. पुस्तकातले जोडतंतू वरून कमानीसारखे जातात. त्यांच्याखाली मला आणखी एक पट्टा दिसला. डावीकडून उजवीकडे, फूटपट्टीने आखल्यासारखा. प्रत्येक स्लाइडवर, त्याच जागी. निसर्गाची शिस्त. पट्ट्याला माझंच नाव द्यावं लागणार. आग्रह नाही, पण दुसरं सुचत नाही.

१९ मे
आमच्या विभागातल्या मंदाकिनीबाई मला ज्युनिअर, तरी रीडरच्या हुद्द्यावर गेल्या. त्यांना स्लाइड दाखवली. सुरी तपासलीत का, म्हणाल्या. मत्सर. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण माझं काम सरड्यांवर आहे.

१४ जून
परवा सेमिनार. प्रबंधाची चाळीस पानं आता पट्ट्यावरच आहेत. आभारात बजरंगचं नाव घालणार होतो. जागा पुरली नाही.

१६ जून
पट्टा पडद्यावर आला. टाळ्या अपेक्षित होत्या. बाईंनी बजरंगला विचारलं, या सुरीने आणखी काय कापलंय? त्याने विद्यार्थ्यांसाठी केलेली सरड्याच्या यकृताची स्लाइड आणली. तिच्यातही पट्टा. त्याच जागी. बाई म्हणाल्या, अभिनंदन, आपल्या सरड्याला यकृतानेही दिसतं. सगळे हसले. बजरंग हसला नाही. तेच जास्त लागलं.

३० जून
नोंदणी रद्द. नव्याने अर्ज करणार. उद्यापासून पहाटे चारला उठणार.
माझ्या टेबलावर बजरंगने शार्पनर आणून ठेवलाय. टोक चांगलं निघतं.