साहेबाच्या पायाशी

बुधवार, २ जुलै २०२५

आबांनी आज शैलेंद्रचे शर्ट खोक्यात भरले. एकेकाची घडी घालून, कॉलर सारखी करून. मी म्हटलं, राहू द्या, मी करते. "माझा मुलगा होता," एवढंच म्हणाले.

शैलेंद्रला जाऊन दीड महिना झाला. चांगीला, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत — हार्ट अ‍ॅटॅक. माझा आणि लेकीचा, जाईचा, इथे राहायचा पास त्याच्या नोकरीवर होता. आता हा देश सोडायचा. सासरे आम्हाला न्यायला आलेत. वाईला माडीवरची खोली रंगवून ठेवलीय, जाईच्या शाळेचंही बोलून ठेवलंय. वीस तारखेची तिघांची तिकिटं काढलीत.

गुरुवार, ३ जुलै

मला इथेच अकाउंट्सची नोकरी मिळाली. पास कंपनी काढणार. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले.

आबांना कसं सांगू? एकुलता एक मुलगा गेला, आता नातही इथेच ठेवून घेऊ? जाईला तेवढं सांगितलं. नऊ वर्षांच्या पोरीशी बोलतेय मी — दुसरं आहे कोण!

शनिवार, ५ जुलै

आबा जेवताना म्हणाले, "त्याने तो फोटो कुठे काढला होता? मला तिथे ने."

आठ वर्षांपूर्वी, इथे आल्याच्या पहिल्याच रविवारी शैलेंद्र नदीकाठच्या रॅफल्सच्या — हे शहर वसवणाऱ्या इंग्रज साहेबाच्या — पुतळ्यापाशी उभा राहिला, पुतळ्यासारखीच हाताची घडी घालून. हौसेने वाईला पाठवला फोटो. आबांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. उत्तर आलं — "साहेबाच्या पायाशी उभं राहायला शिकवलं होतं का तुला?" शैलेंद्र हसला. पण नंतर त्याने त्यांना स्वतःचा फोटो कधी पाठवला नाही. फक्त जाईचे.

रविवार, ६ जुलै

गेलो. ऊन मी म्हणत होतं. पुतळा पांढराशुभ्र, मागे नदी, पलीकडे बँकांचे टॉवर. टूरिस्ट रांगेने फोटो काढत होते.

आबांनी चष्मा पुसून पाटी वाचली. "आधी कोळ्यांचं खेडं होतं म्हणे. म्हणजे माणसं होतीच की इथे." मग जाईला सांगू लागले — या माणसाने जावात राजवाडा लुटला होता, पोथ्यासुद्धा नेल्या. "रिअली, आबा? टीचर तर फाउंडर म्हणते," जाई म्हणाली. आबा मध्येच थांबले. "असू दे. कुठे उभा होता तो?"

फोनमधला फोटो बघून जाईने जागा शोधली. "हिअर, आबा. पप्पा इथे होता."

आबा तिथे जाऊन उभे राहिले. हाताची घडी घातली. जमेना, सोडली. परत घातली. "काढ," म्हणाले. दोन फोटो फुकट गेले, तिसरा आला.

नंतर नदीच्या पायरीवर बसलो. आबा पाण्याकडे बघत होते.

"त्याला एवढंच म्हणायचं होतं गं अनघा — आबा, मी पोचलो. आणि मी त्याला इतिहास शिकवत बसलो."

परत येताना एमआरटीच्या गाडीत जाई त्यांच्या कानाशी लागून कुजबुजत होती. आमचं स्टेशन, बुकित बातोक, येईपर्यंत आबा डोळे मिटून बसले.

सोमवार, ७ जुलै

सकाळी चहा आबांनी केला. कप माझ्यापुढे ठेवला.

"जाईने सांगितलं मला नोकरीचं. आज कळव त्यांना."

मग ओट्याकडे तोंड करून, भांडं विसळत — "दोन तिकिटं रद्द कर. माझं राहू दे."